नको तिथला हुंकार

“हुंकार देत जा गं पोरींनो. हुंकार थांबला की गोष्टीतली माणसं जिथल्या तिथं उभी राहतात. दिवस मावळला तरी घरी जात नाहीत.”

असं आत्या म्हणायची, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. थोरलीने बंद दाराला पाठ टेकली, मांडीवरच्या कोटाच्या फाटक्या बाहीत रफूची सुई घातली आणि गोष्ट पुढे ओढली.

“तर ती सावली हरवलेली पोर नदीच्या तळाशी उतरली. तिथं एक दार होतं. त्याला कडी आतून नव्हती, बाहेरून नव्हती.”

“हूं,” दाराआडून आवाज आला. मग खोकला. “सुतार काय झोपला होता का? आणि किती चालवतेस गं तिला? तळवे झिजले बिचारीचे.”

“तू नुसता हुंकार दे. शहाणपणा नको.”

धाकटी साथीच्या तापाने आत निजली होती. दार उघडू नका, पण तिला बोलती ठेवा, गप्प झाली की लगेच कळवा, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. म्हणून थोरलीने आत्याची गोष्ट बाहेर काढली होती. खाली भरदुपारी रस्ता ओस होता. कोपऱ्यावरचा सिग्नल कुणी नसतानाही लाल होई, हिरवा होई. धाकटीच्या खाटेला लागून जी भिंत होती, तिच्यापलीकडे घड्याळजी राहायचे. एरवी त्यांच्या घरची टिकटिक भिंतीतून झिरपत यायची. बायकोला दवाखान्यात नेल्यापासून किल्ली द्यायचं त्यांनी सोडलं असावं. एकेक घड्याळ मुकं होत गेलं, आणि आता भिंत नुसती भिंत होती.

दुसऱ्या दुपारी धाकटीचा हुंकार जरा खोल वाटला. घसा बसला असेल, थोरलीला वाटलं. पण तो येत होता, अगदी वेळेवर. वाक्य संपलं की हूं. टाका संपला की हूं. थट्टा मात्र नव्हती.

“पाणी प्यायलीस?”

“हूं.”

“बरं वाटतंय ना?”

“हूं.”

थोरलीने सुटकेचा श्वास सोडला. दोरा दाताने तोडला.

“मग आज इथंच थांबवू गोष्ट?”

“हूं.”

तिचा हात सुईवरच थबकला. गोष्ट थांबवते म्हटलं की धाकटी लहानपणी उशी फेकायची, मोठेपणी शिव्या घालायची. हो म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं.

थोरलीने दार ढकललं.

धाकटी उताणी पडली होती. ओठ निळसर, घट्ट मिटलेले. छाती चिमणीसारखी भराभरा उडत होती. उशाशी पाण्याचा पेला भरलेला, तसाच.

आणि खोलीत पुन्हा आवाज आला.

“हूं.”

भिंतीतून.

धाकटीचा हात हातात धरून थोरली दुसऱ्या हाताने फोनवर डॉक्टरांचा नंबर शोधू लागली. पुढचं सगळं एका दमात झालं: जिना, गाडी, नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांतली, चेहरे नसलेली माणसं.

त्या संध्याकाळी थोरली धाकटीच्या रिकाम्या खाटेवर बसली असताना भिंत शब्दांत बोलली.

“ताई, मी घड्याळजी. मीच होतो तो. तुम्ही सांगत होतात, मी इकडे पडून ऐकत होतो. तुम्ही थांबलात की तोंडातून निघूनच जायचं.” मग दबक्या आवाजात, “धाकटीचं काही कळलं का?”

कळलं होतं. दवाखान्यातून फोन आला होता, वेळेवर आणलंत म्हणून. पण किती वेळ आपण भिंतीलाच बहीण समजून बसलो होतो, हे आठवलं की थोरलीच्या डोक्यात जाळ व्हायचा. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पुढे रोज तिन्हीसांजेला भिंत तेच विचारायची. रोज ती उठून जायची.

मग एका दुपारी फोन वाजला.

“ताई,” पलीकडून चिरका, पण स्वतःचा आवाज आला. “इथं आमटी म्हणून काय देतात ठाऊक आहे? तुझ्या हातचं अळणी जेवण त्यापेक्षा बरं.”

थोरली हसली, आणि हसता हसता तिला पदर तोंडाशी न्यावा लागला.

सांजेला ती धाकटीच्या खोलीत चादरी बदलत होती.

“ताई, काही कळलं का?”

तिने उशी उचलली. पाय दाराकडे वळले.

“नसेल सांगायचं तर राहू द्या,” भिंत म्हणाली. “आमची ही गेली तेव्हा दवाखान्याचा फोन वाजत होता. मी उचललाच नाही. वाजत होता तोवर ती होती. तुम्ही गप्प आहात तोवर धाकटीही आहे. म्हणून रोज विचारतो, आणि तुम्ही गप्प राहिलात की बरं वाटतं.”

थोरली उभीच राहिली. उशी तिच्या छातीशी होती. मग तिने खाट ओढून बाजूला केली आणि गार भिंतीला गाल लावला.

“घड्याळजी, धाकटी उठून बसलीय. जेवणाला नावं ठेवतेय. अहो, तुम्ही नको तिथं हूं म्हणालात, म्हणून मी दार उघडलं. नाहीतर बाहेर गोष्टच सांगत बसले असते.”