सुनावणीची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. रूप म्हणाल तर बेताचंच, पण बांधा भक्कम! सुताराने मला बनवलं ते एका मदत कार्यालयासाठी. निराधारांना दरमहा मदत देणारं हे कार्यालय, आणि माझी जागा सुनावणीच्या खोलीत, अधिकाऱ्यांच्या अगदी समोर.

मित्रांनो, तेव्हाच्या मोठ्या बाईंचा एक नियम होता. कुणाचीही मदत बंद करण्याआधी त्याला बोलवायचं, तक्रार काय आहे ते सांगायचं आणि माझ्यावर बसवायचं. "पाणी प्या, मग सावकाश सांगा," असं त्या म्हणायच्या. किती जणांचा थरकाप माझ्या हातांनी झेलला असेल!

बाई निवृत्त झाल्या. नवे साहेब म्हणाले, "आधी बंद करा. गरज असेल तो येईल धावत." मग मी कोपऱ्यात गेले आणि माझ्यावर पाण्याचा जार आला.

एकदा एक मावशी आल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून माझ्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"तुमच्या घरात कमावता पुरुष राहतो," साहेब म्हणाले. "तपासनीसांनी दारात बूट पाहिलेत."

"अहो, ते आमच्या ह्यांचे. हे जाऊन पाच वर्षं झाली. एकटी बाई आहे हे चोराचिलटांना कळू नये, म्हणून ठेवते दारात."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"आधी विचारलं कुणी?"

साहेबांनी फाईल मिटली. "आता बंद झालीय. वर दाद मागा. लागतील पाच-सहा महिने."

"तोवर काय खाऊ? बूट?"

दाराशी उभे असलेले शिपाईकाका खुदकन हसले आणि लगेच ओशाळले. मावशींची बोटं माझ्या पाठीवर घट्ट आवळली, मग सुटली.

पावसाळा उलटल्यावर वरून निकाल आला. मावशींचं म्हणणं खरं होतं, मदत ताबडतोब सुरू करा! शिपाईकाका सांगायला धावले आणि मान खाली घालून परतले. भाडं थकलं म्हणून घरमालकाने मावशींना केव्हाच बाहेर काढलं होतं. कुठे गेल्या, शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही.

मावशी जिंकल्या, मित्रांनो. त्यांना ते कळलंच नाही.

उद्या तुमच्यातलं कुणी साहेब होईल, कुणी मोठी बाई होईल. कुणाच्या तोंडचा घास काढायची वेळ आली, तर आधी त्याला समोर बसवा आणि विचारा. उशिरा पुढे केलेल्या खुर्चीत बसायला कुणी उरत नाही.