मागच्या खोलीचा पत्रा

भूकंपानंतर लातूरच्या माधवरावांनी घरात एक कायदा लागू केला. माणसाच्या डोक्यावर काही टांगायचं नाही, काही ठेवायचं नाही. ठेवायचंच असेल तर ती वस्तू आधी माधवरावांच्या डोक्यावर पडून पास झाली पाहिजे. ते खुर्चीत ताठ बसत. त्यांच्या बायको प्रेमलाबाई स्टुलावर चढून वस्तू सोडत. माधवराव टाळू चोळत निकाल सांगत. सूप पास झालं, घमेलं नापास झालं. देवाचं कॅलेंडर विशेष गुणवत्तेत आलं. पाण्याची टाकी परीक्षेलाच बसली नाही. ती अंगणात जमिनीवर राहिली, आणि घरात नळ असून प्रेमलाबाई बादलीनं पाणी ओढत राहिल्या.

गल्लीतले लोक हसत, पण माधवरावांच्या तोंडावर कुणी हसत नसे. गावाकडच्या घराला माळवद होतं, लाकडावर हातभर माती टाकलेलं गारेगार छप्पर. भूकंपाच्या पहाटे ते त्यांच्या थोरल्या भावाच्या अंगावर आलं. म्हणून लातुरात घर बांधताना माधवरावांनी सगळीकडे पत्रे टाकले. पत्रा पडला तर माणूस वाचतो, असं ते म्हणत. नाही पडला तर भाजतो, असं प्रेमलाबाई म्हणत, पण स्वयंपाकघरात, हळू आवाजात.

एवढी वर्षं दोघांचं भागलं. मग किनवटहून लेकीची लेक तनुजा डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास लावायला लातूरला आली आणि मागच्या खोलीत राहू लागली. प्रेमलाबाईंच्या घरात कितीतरी वर्षांनी तिसरं ताट वाढलं जाऊ लागलं. त्यांना एवढंच हवं होतं, की हे ताट दोन वर्षं टिकावं.

पण जो उन्हाळा पूर्वी मे महिन्यात यायचा, तो आता होळीलाच सामान घेऊन येत होता. खोलीत टेबलफॅन होता. तो गरम हवा इकडची तिकडे करी आणि भौतिकशास्त्राची पानं पार मोरीपर्यंत पोचवी. तनुजानं पानांवर आज्जीचा वरवंटा ठेवला. पानं थांबली, घाम थांबला नाही.

"आज्जी, मैत्रिणीच्या होस्टेलात एक जागा रिकामी होऊन राहिली," ती एक दिवस जेवताना म्हणाली. "तिथं ए.सी. हाय. पुढच्या आठवड्यात जाते मी."

प्रेमलाबाईंनी तिला आणखी एक भाकरी वाढली. ती मागितलेली नव्हती.

त्याच दुपारी त्यांनी पुण्याला मुलाला, आलोकला फोन लावला. पोरगा इंजिनीअर असल्यामुळे त्यानं कारण विचारलं नाही, ए.सी. पाठवला. माधवरावांनी ए.सी.ला बिनापरीक्षा पास केलं, कारण तो भिंतीवर बसणार होता. "पडला तर भिंतीकडंला पडंल," ते म्हणाले.

ए.सी. मोठ्या उमेदीनं चालू झाला. वर पत्रा तापत होता, खाली ए.सी. गार करत होता, आणि मधे तनुजा दोघांची कुस्ती बघत बसली होती. दुपारी पत्रा जिंकला. मीटर गरगर फिरलं, व्होल्टेज बसलं, फ्रिज कण्हला आणि घराचं मेन बटण खाली पडलं. माधवरावांनी ते वर केलं. ते परत पडलं. तनुजानं पेटी ओढली आणि कपडे भरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाईंचा भाऊ भुजंग अहमदपूरकडच्या शेतातून टेम्पो भरून तुराट्या घेऊन आला. तुरी झोडून झाल्यावर उरलेल्या या वाळल्या काड्या. त्याच्या गोठ्याच्या पत्र्यावर ऊन अडवायला दरवर्षी पडत.

"दाजी, म्हशीला गार लागतंय तर पोरीला का न्हाई लागायचं?"

"म्हैस अभ्यास करते का?"

"करत न्हाई. पण दूध कमी देत न्हाई."

माधवराव मुकाट्यानं खुर्चीत बसले. भुजंगनं पेंढी सोडली. माधवरावांच्या केसांत चार काड्या अडकल्या.

"आणखी एक," ते म्हणाले. दुसरीही पास झाली.

पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले. वरून गेलेली वायर लांब घेतली, म्हणजे ठिणगीचं भय नको. मग तुराट्या पसरून सुंभानं आवळल्या. दुपारी पत्र्याला आतून हात लावला तर हात तिथंच ठेवता येत होता. ए.सी. लावला; थोड्या वेळानं खोली गार झाली आणि तो आपसूक थांबला.

"पण रोज दिवसभर ए.सी. न्हाई लावायचा मला," तनुजा म्हणाली. "लाइट गेली की संपलंच. आबा, वर पंखा लावून द्या. तो इन्व्हर्टरवर चालंल."

माधवरावांनी वर बघितलं. पंखा डोक्यावर पाडून बघायची सोय नव्हती.

"न्हाई," माधवराव म्हणाले.

"मग जाते मी."

प्रेमलाबाईंनी हातातली बादली खाली ठेवली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि ते बघणं बराच वेळ चाललं.

शेवटी वेल्डर आला. त्यानं छताच्या लोखंडी पाइपाला हूक जोडला आणि भुजंगला त्या हुकाला लोंबकळवण्यात आलं. भुजंग अंगानं भरलेला होता. माधवराव खाली उभे राहून बघत होते.

"दाजी, उतरू का?"

"थांब जरा."

"हात सुटायलेत."

"हूक सुटायलाय का, ते सांग."

हूक सुटला नाही. पंखा लागला. तनुजा त्याच्याखाली टेबल ओढून बसली आणि माधवराव दारात उभे राहिले. त्यांची नजर पंख्यावर होती. पान उलटलं, पुन्हा उलटलं. माधवराव तिथंच.

"आबा," तनुजा वर न बघता म्हणाली, "तुम्ही असं बघून राहिलात की मला बी वर बघावं वाटतंय. बाहेर बसा ना."

त्यांनी दाराची चौकट धरली होती. ती सोडायला त्यांना वेळ लागला. मग ते अंगणात गेले आणि टाकीला टेकून पाठमोरे बसले. पंख्याचा आवाज येत होता. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, जरी मान दोनदा तिकडं निघाली होती.

आतून तनुजा फोनवर बोलत होती. "न्हाई येत गं. दुसऱ्या कुणाला दे ती जागा. गार हाय हितं. वर तुराट्यांत चिमण्या लई कलकल करायल्यात, तेवढंच."

प्रेमलाबाईंनी आतून विचारलं, "चहा ठेवू का?"

"ठेव," माधवराव म्हणाले. "पोरीला पण."