पुरिंगतिताचा डावा पाय

सहा वर्षं मी पुरिंगतिताच्या जिवावर लोकांना हसवत आले, आणि तिला त्याचा पत्ताच नाही असं समजत होते. तिता म्हणजे मावशी; या मावशीनेच मला लहानाचं मोठं केलं. "मी जिवंत असेपर्यंत स्टेजवर माझं नाव घ्यायचं नाही," असा तिने दम भरला होता, म्हणून मी तिला 'शेजारीण' करून टाकलं. शेजारणीला लॉटरी लागली नाही की ती बाळ येशूची मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवते. शेजारीण टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक गुंडाळते. शेजारीण लंगडत येते आणि विचारते, लग्न कधी? तिचं लंगडणं मी आरशासमोर तासन् तास घोटलं होतं.

आता तिता मारिकिनाच्या घरात शवपेटीच्या काचेखाली झोपली होती, ओठांना तिला मुळीच न आवडणारा रंग लावून. आणि नेमकी आजच चार वाजता क्युबाओच्या कॉमेडी क्लबात माझी चाचणी. आलेल्या चौघींतून मालक एकीलाच स्वतःचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम देणार होता. दुसऱ्यांच्या कार्यक्रमाआधी दहा मिनिटं उभं राहून मी विटले होते. हे हुकलं तर पुन्हा तेच. तितावाचून माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मेलेल्या माणसाची नक्कल करायला जीभ रेटत नव्हती. मयताला बसलेल्यांना चघळायला देतात त्या कलिंगडाच्या बिया सोलत मी घड्याळाकडे बघत होते. बसवत नव्हतं, उठवत नव्हतं.

तिताची मुलगी बेलेन कॉफी घेऊन आली. "मुंग्या चावल्यासारखी काय करतेयस, लिगाया? जायचंय ना तुला?"

"तिताचं करू की नको, तेच कळत नाहीये."

"अगं, आई रोज तुझे व्हिडिओ बघायची. अख्ख्या गल्लीला दाखवायची."

माझ्या हातातल्या बिया सांडल्या. "चिडली नाही?"

"चिडली तर! म्हणायची, सहा वर्षं झाली, कार्टी उजव्या पायाने लंगडतेय. माझा डावा दुखतो, एवढंही कधी बघितलं नाही तिने."

आरशाने घात केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शवपेटीच्या काचेवर आसवं पडू द्यायची नसतात, म्हणून मी मागे सरले.

"आणि सरळ खोलीवर जाऊ नकोस हं," बेलेन म्हणाली. "वाटेत कुठेतरी थांब, नाहीतर आई येईल मागोमाग." मयताच्या घरून निघाल्यावर आमच्यात सगळेच असे थांबतात, आत्म्याला तिथेच चुकवून मग घर गाठतात. बेलेन दारापर्यंत आली नाही. अशा घरातून कुणाला निरोप देत नाहीत.

मी थेट क्लबात गेले. "माझी तिता पुरिंग परवा वारली," मी माइकवर म्हणाले, "त्यामुळे आजपासून नाव घ्यायला परवानगी आहे."

कुणीही हसलं नाही. मग मी डाव्या पायाने लंगडत स्टेजभर फिरले. "सहा वर्षं मी चुकीचा पाय ओढला. स्वतः मेली त्याचं तिला काही नाही, राग आहे तो या पायाचा!"

आधी मागच्या टेबलावर कुणीतरी खिदळलं, मग सगळेच. मालक डोळे पुसत म्हणाला, "शनिवारपासून अर्धा तास तुझा."

बसथांब्यावर उभी राहिले आणि एकदम लक्षात आलं. मयताचं घर आणि माझी खोली, यांच्यामध्ये मी थांबले होते ती एकाच ठिकाणी. बिअर पिणाऱ्या अनोळखी माणसांत तिताला एकटीला सोडून आले होते मी.

धावतच परत गेले. दारावरचा गार्ड म्हणाला, "काही विसरलात, मॅडम?"

"हो. माझी तिता."

तो हसला. मी दार उघडं धरून उभी राहिले, डावा पाय दुखणाऱ्या बाईला बाहेर यायला लागेल तेवढा वेळ.