पहिलं घमेलं

आमच्या वस्तीत पाणी दोन जातीचं. एक नळाचं, एक रोशनचाचीच्या विहिरीचं. नळाच्या पाण्यात तूर शिजत नाही, आणि नवी सून आली की पहिल्या आठवड्यातच माहेरी फोन करते, आई, माझे केस गळायला लागले. निरवांगीपासून इकडं सगळी जमीन चोपण, खारवट. मधेच ही एक विहीर गोडी. ती गोडी का, हे सांगायला दोन वेळा साहेब येऊन गेले आणि दोघांनी दोन कारणं सांगितली. चाचीच्या सासऱ्यानं विहीर खणली तेव्हा पाणी लागल्याच्या आनंदात गावाला शब्द दिला होता, प्यायला लागेल तेवढं कुणीही शेंदावं. चाचीला सासरकडून दागिने आणि हा शब्द असं दोन्ही मिळालं होतं. दागिने कधीच गेले. शब्द राहिला.

माझी पिठाची गिरणी त्या विहिरीच्या वाटेवर. डोक्यावर हंडा घेतलेली बाई गिरणीपाशी थांबतेच, आणि थांबली की बोलतेच. त्यामुळं मी जे सांगतेय त्यातलं निम्मं पाहिलेलं आहे आणि निम्मं दळणाबरोबर आलेलं.

तर आमच्या गावकीचा पाण्याबाबतचा रिवाज असा. ज्यानं पाणी नासवलं, त्यानं ते आपल्या हातानं साफ करायचं, दिवेलागणीच्या आत. ज्याचं पाणी नासलं, त्यानं पहिलं घमेलं उचलायचं. ते उचललं की माफी झाली. काढलेली घाण गायरानात खड्डा करून पुरायची. आणि नंतर त्या गोष्टीत त्या माणसाचं नाव पुन्हा कुणी, कुठं, कधीही घ्यायचं नाही. नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा नाही. मला हे शेवटचं कलमच सगळ्यात अवघड वाटत आलंय, पण लोक पाळतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चाची बकऱ्या घेऊन ओढ्यावर गेली, तर पाण्यावर फेस आणि काठानं हिरवट-काळा गाळ. वर ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी एक टँकर चिखलात रुतून बसलेला आणि त्याच्या चाकाखाली दगड सारत असलेला आमच्याच वस्तीतला पोरगा. त्याचं नाव इथं येणार नाही, कारण वर सांगितलंच. बनाबाईचा मुलगा, एवढं म्हणते. आईचं नाव घ्यायला बंदी नाही.

पारावर गावकी बसली. वसंततात्या मध्ये. तात्या वालचंदनगरला कंपनीत फिटर होते, रिटायर होऊन आले तेव्हापासून निवाडा त्यांच्याकडं.

"कशाचा माल हाय?" तात्यांनी विचारलं.

"मला न्हाय ठाव, तात्या. कारखान्याचा हाय. कागुद इंग्लिशमधी हाय."

"वास तर असा येतोय, जसं कुणी बॅटरी शिजाय घातलीया," म्हस्कू म्हणाला. म्हस्कूला मयतीतसुद्धा गप्प बसवत नाही.

"लांब न्यायचा हुता, रीतसर जागी," पोरगा खाली बघत म्हणाला. "ट्रान्सपोर्टवाला म्हनला, तितवर डिझेल कशाला जाळतोस, वाटेत एखादा वढा बघ."

"आन तुला आमचाच घावला व्हय रं?"

"दुसरा कुठला मला ठाव न्हाय, तात्या."

हे उत्तर इतकं खरं होतं, की सगळे हसले. बनाबाई तेवढी पदर तोंडात धरून बसली होती. आमचा सरपंच कुशल, तरुण पोरगा, म्हणाला, "तात्या, प्रदूषणवाल्यांना फोन लावू का?"

"ते कवा यायचे? पानी आज नासलंय, आज साफ हुनार," तात्या म्हणाले, आणि विषय संपला.

ओढ्यावर बकऱ्या चाचीच्या, म्हणून तिनंच साडी खोचली आणि पहिलं घमेलं उचललं. साठी ओलांडलेली बाई, घोट्यापर्यंत त्या गाळात. पोराला म्हणाली, "वाकून उचल, लेकरा, पाठ धरंल उद्या." मग तो दिवसभर उपसत राहिला. हातमोजे नाहीत, बूट नाहीत. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दुपारपर्यंत आणखी चार जण उतरले, बनाबाईनं सगळ्यांना भाकरी-पिठलं आणलं. गाळ ट्रॉलीत भरून गायरानात पुरला, वर माती दाबली. दिवे लागायच्या आत ओढा असा चकचकीत झाला, की आम्हालाच ओळखू येईना. कुशलनं सगळ्याचा व्हिडिओ केला. चाची घमेलं उचलतानाचा भाग त्यानं हळू केला होता आणि मागं बासरी लावली होती. तो व्हिडिओ बारामतीपर्यंत फिरला. खरं सांगायचं तर त्या रात्री सगळ्या वस्तीला फार बरं वाटलं. आपण अजून माणसं आहोत असं.

गायरान चाचीच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. हे सगळ्यांना माहीत होतं. पण आजवर तिथं काय पुरलं होतं? मेलेलं कुत्रं, गुऱ्हाळाची मळी, कुणी मेंढरं धुतली त्याचा गाळ. माती ते खाऊन टाकायची. ही गोष्ट मातीनं खाल्ली नाही. मोठी अवकाळी झाली आणि तिनं ती खाली ओकली.

चाचीला सगळ्यात आधी कळलं. तिनं कुणाला काही न सांगता रहाटावरचा दोर काढून घरात नेऊन ठेवला. झालं, गिरणीत दळणापेक्षा कुजबुज जास्त. पिढ्यांचा शब्द मोडला म्हणे. म्हस्कू तर दारातच जाऊन उभा राहिला.

"का गं रोशनबी, पानी आटलं का मन आटलं?"

चाचीनं आतून बादली आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. वर तवंग, पावसात डिझेल सांडल्यासारखा. म्हस्कू बराच वेळ बघत राहिला. मी त्याला गप्प पाहिलं ते तेवढंच.

चाचीचा मुलगा मुजम्मिल एमआयडीसीत जातो, मोटारसायकलवर. ओढा साफ केला त्या दिवशी तो ड्युटीवर होता. त्यानं मोबाइलवरून तक्रार टाकली. आणि आमचा अंदाज खोटा ठरवत प्रदूषणवाले आले. एक गाडी, एक ड्रायव्हर आणि स्वरदा नावाच्या एक मॅडम. वयानं माझ्या मुलीएवढी, उन्हानं लाल झालेली. तिच्याबद्दल मला वाईट बोलता येणार नाही. चहा नको म्हणाली, आधी काम म्हणाली.

ओढ्याचं पाणी बाटलीत भरलं. स्वच्छ. गाळ शोधला. नाही. "इथं टँकर ओतला म्हणता, मग गेलं कुठं सगळं?"

"आमी साफ केलं," तात्या म्हणाले. आवाजात थोडा मान होता.

"साफ केलं?"

"त्याच दिवशी. दिवेलागणीच्या आत."

मॅडमनं डोळे मिटून घेतले. मग खड्डा दाखवा म्हणाली. खड्ड्याचा नमुना घेतला, विहिरीचा घेतला, आणि पारावर येऊन बसली. सगळी वस्ती जमली. बनाबाईचा मुलगाही मागं उभा होता, दोन्ही हातांना फडकी बांधून. कातडं सोललं होतं, अजून भरत नव्हतं.

"हे बघा, आमचा नियम साधा आहे," ती म्हणाली. "ज्यानं घाण केली, त्यानंच ती निस्तरायची."

"मग त्यो आमचाच कायदा की," चाची म्हणाली.

"हो ना आजी. पण कागदावर आत्ता काय दिसतंय? ओढा स्वच्छ. घाण गायरानात. गायरान पंचायतीचं. तिथं ती तुम्ही नेऊन टाकली, त्याचा व्हिडिओ मी सुद्धा पाहिलाय. म्हणजे घाण करणारे तुम्हीच." तिनं सगळ्यांकडं बघितलं. "मला एक नाव द्या. ज्यानं आणलं त्याचं. त्याच्यामागं गाडीवाला, गाडीवाल्यामागं कारखाना, मी तिथपर्यंत जाते. मग खड्डा त्यांना उपसावा लागेल, विहीर त्यांना साफ करून द्यावी लागेल. पाहिलेल्या माणसानं सांगायला हवं."

पिंपळावरचे पक्षी तेवढे भांडत होते.

"मी सांगतो," मुजम्मिल उठला.

"तुम्ही पाहिलंत?"

"मी ड्युटीवर हुतो. पण अम्मीनं पाहिलंय."

"मग अम्मीनं सांगायला हवं." मॅडम चाचीजवळ येऊन बसली. तिची नजर मागं, त्या फडक्यांवर गेली होती. तिला कळलं होतं, हे आम्हालाही कळलं. "आजी, एक नाव. विहीर तुमची आहे."

चाचीनं पदर सारखा केला. "पोरी, आमच्या हितं धुतल्यावर नाव घेत न्हाईत."

"ते धुतलं गेलेलं नाही, आजी. ते तुमच्या विहिरीत आलंय."

"व्हय," चाची म्हणाली. "दिसतंय मला."

मुजम्मिल तिथूनच गाडीला किक मारून निघून गेला. पोरगा एक पाऊल पुढं आला होता, मी पाहिलं. पण बनाबाईनं त्याच्या सदऱ्याचं टोक मागून धरलं होतं, आणि तिला एकच मुलगा. मॅडमनं कागदावर लिहिलं, टाकणारा अज्ञात. जाताना म्हणाली, विचार बदलला तर फोन करा. नंबर कुशलकडं दिला.

संध्याकाळी मी चाचीकडं गेले. ती अंधारात चुलीपाशी बसली होती, चूल न पेटवता.

"चाची, एवढं काय हो ते नाव? विहीर वाचली असती."

"सरू, तुझं लगीन होऊन किती वर्सं झाली?"

"झाली की तीस."

"त्याच्या आदल्या साली आमच्या ह्यांनी फवारनीचा पंप वढ्यात धुतला. तात्याच्या बापाच्या दोन म्हशी मेल्या. ह्यांनी वढा उपसला, तात्याच्या बापानं पयलं घमेलं उचललं."

चाचीचे हे म्हणजे अमजदचाचा. अमजदचाचांना मी वीस वर्षं पाहिलं. शांत माणूस, गिरणीत आले की रांग मोडायचे नाहीत. "मला कधीच कुणी बोललं नाही."

"तेच सांगतीया. त्ये मातीत गेले तरी तुला कुणी बोललं न्हाय." तिनं काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली. "माझ्या मान्साचं झाकलं, आन त्या बाईच्या पोराचं मी उघडं पाडू?"

मी चुलीत काटक्या सारल्या.

नोटीस आली ती पंचायतीच्या नावानं, आत खुलासा मागितलेल्यांत तात्या आणि व्हिडिओत घमेलं उचलताना दिसलेली रोशनबी. तात्यांनी ती चष्मा पुसून पुसून वाचली आणि त्याच दिवशी गावकी बोलावली. आमच्या आठवणीत पहिल्यांदा, समोर उभं राहायला कुणी नव्हतं.

"घान हितं पुरा म्हनलो ती मी," तात्या म्हणाले. "विहीर नासवली ती गावानं. रिवाज सगळ्यांना सारखा हाय. उद्या सकाळी घरटी एक मानूस गायरानात. खड्डा उपसायचा, विहीर उपसायची. दिवेलागणीच्या आत."

सगळे आले. म्हस्कू फावड्यासकट, सगळ्यांच्या आधी. तर खड्ड्याभोवती दोरी आणि पाटी: हात लावू नये. तात्यांनी कुशलला मॅडमचा नंबर लावायला सांगितला. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं.

"तात्या, पाया पडते, कुणीही हात लावू नका. त्याला वेगळी गाडी लागते, वेगळी माणसं. ती घाण आणखी कुठं पुरणार तुम्ही? आणि हातांचं काय होतं, ते तुम्ही बघितलंय ना?"

"मग गाडी कवा येनार?"

"मंजुरी आली की."

लोक थोडा वेळ फावडी धरून उभे राहिले आणि मग एकेक करत घरी गेले. मंजुरी अजून यायची आहे. मॅडमची बदली झाली. नवीन आलेले साहेब नमुने पुन्हा घ्यावे लागतील म्हणतात.

मधे एक पोरगं बॉल काढायला विहिरीत उतरलं आणि अंगभर फोड घेऊन आलं. मग पंचायतीनं ठराव केला, विहीर मुरुमानं बुजवायची.

बुजवली त्या दिवशी चाची कट्ट्यापासून थोडी लांब, बाभळीखाली बसून होती. मी तिच्याजवळ. जेसीबीनं पहिला बकेट लोटला तेव्हा पाण्याचा आवाज आला. नंतर नुसत्या मातीचा. तात्या काठी टेकत आले. टोपी काढून हातात घेतली.

"रोशनबी, गावाचं चुकलं. माफी दे."

चाचीनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. खरं तर तिनं द्यायला काहीतरी शोधलं, असं मला वाटलं.

"साफ झाल्याबिगर माफी द्यायचा आपला रिवाज न्हाय, तात्या. मोडू व्हय?"

तात्यांनी टोपी बोटांत फिरवली.

"नगं," ते म्हणाले. "मोडू नगंस."

"मग बसा. उभं राहून पाय दुखतील."

ते तिच्या शेजारी बसले. जेसीबीवाल्यानं वरची माती दाबून सपाट केली, एकदा पुढं, एकदा मागं, आणि पाणी प्यायला मागितलं. कुणाकडंच नव्हतं.

एवढ्यात रस्त्यावर पंचायतीच्या पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला आणि बायका हंडे घेऊन पळत सुटल्या. चाचीनं गुडघ्यावर हात ठेवून उठायला सुरुवात केली. मी म्हटलं, तुम्ही बसा, तुमचा हंडा मी लावते. ती म्हणाली, "नगं. रांगेत उभं राहायची सवय लागू दे आता."

ती गेली, रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढच्या बायकांनी तिला पाहून जागा सोडली, या ना चाची, तुम्ही आधी भरा म्हणाल्या. ती जागची हलली नाही. तिची पाळी येईपर्यंत पाणी संपलं.