पलंगाखालची दोघं

दार खडखडलं तेव्हा ठकी धाकट्या भावाला घास भरवत होती. फटीतून खाकी दिसली. कालच तिने शेजारच्यांची काच फोडली होती. भावाला ओढत ती पलंगाखाली शिरली आणि त्याचं तोंड गच्च दाबून बसली.

दार बाबांनी उघडलं.

"गोदामातले टायर चोरलेस ना?" एक घोगरा आवाज म्हणाला. पाठोपाठ बेडी वाजली.

"घरात मुलं आहेत, हवालदार. बेडी आत ठेवा." हा आवाज बाईचा होता.

तेवढ्यात हवालदाराच्या मिशा पलंगाखाली डोकावल्या. "काय गं, बापाने माल कुठे लपवलाय? बोल, नाहीतर तुलाही नेतो."

ठकीला ठाऊक होतं. मागच्या शेडमध्ये. पण तिने भावाला आणखी जवळ ओढलं.

"बाजूला व्हा," फौजदारबाई म्हणाल्या. "लेकराच्या तोंडून बापाविरुद्ध काही वदवायचं नाही. आणि धमकी तर मुळीच नाही." त्या फरशीवरच बसल्या. "बाळ, आम्ही तुला न्यायला आलेलो नाही."

"काचेसाठीसुद्धा नाही?"

"कसली काच?"

ठकीने भावाच्या तोंडावरचा हात काढला. मग हळूच विचारलं, "बाबांना माराल?"

"मी कुणाला हात लावू देणार नाही. पण आज ते घरी यायचे नाहीत, खोटं कशाला सांगू? तुमच्याजवळ कोण राहील?"

"मावशी."

"पोरांना शेजारी सोडू आणि निघू," हवालदार कुरकुरला.

"मावशीला निरोप धाडा. ती येईपर्यंत थांबायचं."

बाबा भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. "मागच्या शेडमध्ये आहेत टायर," ते खालच्या मानेने म्हणाले. "तेवढं पोरांना जवळ घेऊ द्या."

बाईंनी मान डोलावली. बाबांनी दोघांना पलंगाखालून बाहेर घेऊन पोटाशी धरलं.

मावशी धापा टाकत आली. मग बाबा बेडीविना, आपल्या पायांनी गाडीपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी ठकीला चौकीत घेऊन गेली. पायरीवरच तिने मावशीचा हात घट्ट धरला. आत बाबा बाकावर बसले होते. तिने आधी त्यांचा चेहरा पाहिला, मग हात, मग शर्टावरून पाठ चाचपली. ते कुठेच कण्हले नाहीत.

तरी घरी पोचेपर्यंत ती पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती.