सिंगापूरच्या बोटीची तालीम, पळसदेवच्या पाण्यात

मित्रांनो, मी पळसदेवच्या काठावरची एक जुनी होडी आहे. पहिल्यांदाच मोठ्या बोटीने समुद्रावर फिरायला जायचं असेल, तर काय काय सांभाळावं ते मला तोंडपाठ आहे. समुद्र मात्र मी पाहिलेला नाही. माझं सगळं आयुष्य उजनी धरणाच्या फुगवट्यात गेलं, तेही ह्या काठावरून त्या काठावर. तरी मला सगळं ठाऊक आहे, कारण सत्त्याण्णव सालच्या अख्ख्या उन्हाळ्यात माझ्यात बसून लोक दुसरं काही बोललेच नाहीत. आणि ऐकून घेण्यावाचून होडीला इलाज नसतो.

माझा जन्म धरणाचं पाणी चढल्यानंतरचा. जुनं गाव पाण्याखाली गेलं, माणसं वर माळावर राहायला आली, आणि काहींच्या जमिनीचे तुकडे पलीकडे राहून गेले. मग नावाडी तात्याबाने इंदापूरच्या एका सुताराकडून मला करवून घेतलं. सागाच्या फळ्या, बाभळीच्या वाकड्या लाकडाच्या बरगड्या, फटींमधून डांबरात भिजवलेला काथ्या. पहिल्यांदा पाण्यात सोडताना मला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं, की ही लक्ष्मी आहे, हिच्यात पायताण घालून चढायचं नाही. तेव्हापासून माझ्यात येणारा माणूस चपला काढून हातात घेतो आणि मगच पाऊल टाकतो. मला ह्याचा फार अभिमान आहे. एसटीत कुणी चपला काढून चढत नाही.

माझ्या सगळ्या माणसांत मला जवळच्या होत्या विजयमालावहिनी. अलीकडचा ऊस त्यांचे यजमान हिंदुराव बघायचे, आणि पलीकडच्या टेकाडावरचा कांदा नि शेळ्या वहिनींकडे. रोज सकाळी त्या यायच्या आणि माझ्या पुढच्या टोकावर बसायच्या. ती जागा त्यांचीच. दुसरी कुणी बाई तिथे टेकली तर तात्याबा तिला उठवायचा.

हिंदुराव मात्र माझ्यात कधी बसले नाहीत. गडी धिप्पाड. भरलेल्या उसाची ट्रॉली चिखलातून ओढून काढतील, पण पाणी हललं की त्यांचं पोट हलायचं. पलीकडे जायची वेळ आलीच, तर पुलावरून लांबचा वळसा घालून जीपने जायचे.

अशात एक दिवस वहिनी आल्या त्याच वेगळ्या चेहऱ्याने. त्यांचा मुलगा युवराज सिंगापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने आईवडिलांना तिकडे बोलावलं होतं, आणि तिथून पुढे एका मोठ्या बोटीची तिघांची तिकिटंही काढून ठेवली होती.

"समुद्रात जायचं," वहिनी सांगत होत्या, "बोटीतच जेवायचं, बोटीतच झोपायचं."

"आन उतरायचं कुठं?" तात्याबाने विचारलं.

"एखाद्या गावाला उतरवत्यात म्हणं. बाकी न्हाय. नुसतं फिरायचं आन जितनं बसलो तितंच परत यायचं."

"हे तर मी रोज करतो की, वैनी."

शेजारी वहिनींची धाकटी जाऊ शकुबाई बसली होती. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "ज्याचं त्याचं नशीब, आक्का. आमचं पोरगं सोमेश्वरनगरला कारखान्यावर. ते पाठवून पाठवून काय पाठवंल, मळीचा वास."

शकुबाईचं आणि माझं त्याच दिवशी जमलं. आम्हा दोघींना एकाच ठिकाणी आग लागली होती.

मग रोज नवीन काहीतरी कळू लागलं. त्या बोटीला दहा का बारा मजले आहेत. जिने आहेत, वर नेणारी लिफ्ट आहे, दुकानं आहेत. आणि मधोमध पोहायचा तलाव आहे. हे ऐकून मी आतून जळून गेले. माझ्या पोटात ओंजळभर पाणी आलं तरी तात्याबा डबा घेऊन उपसायला बसतो आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तिच्या पोटात एवढं पाणी, तर लोक हौसेने त्यात पोहतात.

पण एक अडचण होती, आणि त्या अडचणीवर माझी सगळी भिस्त होती. हिंदुराव नको म्हणत होते. "तू जा, शकूला घिऊन जा," एवढंच त्यांचं म्हणणं. वहिनी ह्याला तयार नव्हत्या. एका सकाळी माझ्यात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्या तात्याबाला म्हणाल्या, "मला बोटीचं कायबी न्हाय. लगीन झाल्यापासनं आमी दोघं कामाबिगर शेजारी बसलो न्हाय. बसलो तर लग्नात न्हायतर मयतीला. तितं ऊस न्हाय, शेळ्या न्हाय. मला ह्यांच्यासंगं नुसतं बसायचंय."

तात्याबा वल्हं मारत राहिला. मग म्हणाला, "आना त्यास्नी हितं. हिच्यात बसवून सवय लावू."

म्हणजे बघा, मित्रांनो. माझ्या वहिनींना माझ्याकडून पळवून नेणाऱ्या बोटीची तालीम माझ्याच अंगावर होणार होती.

पहिल्या दिवशी हिंदुराव आले ते पॉलिश केलेले बूट घालून. "पाटील, पायताण," तात्याबा म्हणाला. त्यांनी बूट काढले, हातात धरले आणि माझ्या टोकावर जाऊन बसले. तात्याबाने त्यांना आधीच सल्ला दिला होता, "पोटभर जेवून या. रिकामं पोट डुचमळतं, भरलेलं जागचं हालत न्हाय." तात्याबाचे सगळे सल्ले असेच, ठाम आणि चुकीचे. हिंदुराव मटण-भाकरी हाणून आले होते. पाणी अर्धंही ओलांडलं नव्हतं, तोवर ते माझ्या काठावर ओणवे झाले.

"आज माशांची चंगळ हाय," शकुबाई पदराआड पुटपुटली.

मला फार बरं वाटलं. नवीन डांबर खराब झालं तरी वाटलं.

वहिनींनी हार मानली नाही. त्या इंदापूरला जाऊन युवराजला फोन करून आल्या, बारामतीच्या डॉक्टरांना भेटून आल्या, आणि मग माझ्यात बसून एकेक गोष्ट नवऱ्याला घोकवू लागल्या. बोटीत बसण्याआधी थोडं खावं, तुडुंब नको आणि उपाशीही नको. गोळी घ्यायची ती बोट हलायच्या आधी, ओकारी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. दाढेखाली सुंठेचा तुकडा धरावा. टोकाला बसू नये, मध्यावर बसावं. ही शेवटची गोष्ट मीही अंगच्या अनुभवाने सांगते. होडी असो नाहीतर बारा मजली बोट, टोकं हलतात आणि पोट शांत असतं. युवराजनेही खोली खालच्या मजल्यावरची, मधलीच मागून घेतली होती. तुम्ही जाल तेव्हा तशीच मागा.

"आन पायाशी बघू नगा," वहिनी म्हणायच्या. "लांब बघा. हलत न्हाय असं कायतरी धरा नजरंला."

उन्हाळ्याने पाणी उतरत चाललं होतं. जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलं होतं. हिंदुरावांनी त्यालाच नजर बांधली. ओठ घट्ट मिटून, सुंठ चघळत ते माझ्या मधल्या फळीवर बसून राहायचे. आधी पाव अंतर निभावलं, मग अर्धं. वहिनी त्यांच्या शेजारी बसायला लागल्या. त्या दिवसापासून माझं पुढचं टोक रिकामं पडलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

एके दिवशी वारं सुटलं. लाटा माझ्या कुशीवर आदळायला लागल्या. मी मनात म्हटलं, आता संपलं, आता हे गृहस्थ उठतात आणि पुन्हा पाण्याचं नाव काढत नाहीत. हिंदुरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तात्याबा म्हणाला, "फिरवू का माघारी?" त्यांनी मान हलवली नाही. शिखराकडे बघता बघता त्यांनी विचारलं, "आपलं जुनं घर कुठं आलं गं हितनं?"

"ह्याच्याच खाली," वहिनी म्हणाल्या. "चूल तिकडं त्या बाजूला. गोठा हितं, आपल्या बुडाखाली."

"आन तू रोज ह्याच्यावरनंच जातीस?"

"मग कशावरनं जाऊ?"

"बोलली न्हाईस कधी."

"तुमी जीपमधी असायचा."

लाटा येत होत्या, मी जमेल तेवढी हलत होते, आणि हिंदुराव बसून होते. पलीकडचा काठ आला तेव्हा ते उतरले नाहीत. "तात्याबा, फिरव," म्हणाले, "एक खेप अजून मार." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "युवराजला सांग. येतो म्हणावं."

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. वाऱ्याने जेवढं हलवलं तेवढी मी हलले होते. तेवढं पुरलं नाही.

मग तयारीला ऊत आला. बारामतीहून चाकांची बॅग आली. ती काठावर आणून चालवून दाखवली, तर वाळूत रुतली. तेवढंच मला समाधान. वहिनी सगळ्यांना सांगायच्या, मोठी बॅग बंदरावरच काढून घेतात आणि ती खोलीत यायला उशीर होतो. म्हणून एक जोड कपडे, गोळ्या, चष्मा नि कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत वेगळी ठेवायची. कागदपत्रांची झेरॉक्स तिसरीकडे. उन्हाळा असला तरी स्वेटर घ्यायचा, आत थंड हवा सोडतात. शकुबाईने शेंगदाण्याची चटणी करून आणली. देताना म्हणाली, "तितं काय देत्यात कुणाला ठावं. खावा आन आमची आठवण काढा." तिची आग विझली नव्हती, पण चटणी चांगली झाली होती. माझ्याकडे द्यायला चटणीही नव्हती.

ते गेले. मी काठाशी बांधलेली, तर कधी खेपेवर. वहिनींच्या जागी कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या ठेवायचं.

परत आल्या त्या दिवशी माझ्यात इतकी माणसं चढली, की तात्याबाने दोघांना उतरवलं. पलीकडे कुणालाच काम नव्हतं. सगळ्यांना ऐकायचं होतं.

"भ्या वाटलं का, आक्का?" शकुबाईने विचारलं.

"पहिल्या दिवशीच. मोठ्ठा भोंगा झाला आन सगळी माणसं केशरी जाकिटं चढवायला लागली. ह्यांना वाटलं, बुडाली. माझा हात धरला असा, चारचौघांत. मग कळलं, ती शिकवणी असती. पयल्या दिवशी सगळ्यांनाच शिकवत्यात, कुठं जमायचं, जाकीट कसं घालायचं."

"आन मग सोडला का हात?"

"शिकवणी संपली की सोडायचा असतो व्हय?"

बाया हसल्या. मग वहिनींनी सांगितलं की जेवण केव्हाही मिळतं, म्हणून ताट भरून घेऊ नये, दुसऱ्या दिवशीही मिळणारच असतं. कुठे उतरवलं तर वेळेच्या बऱ्याच आधी परत फिरावं. एक कुटुंब खरेदीत रमलं आणि बंदरावर पळत आलं, तेव्हा बोटीचा जिना उचलत होते. सगळ्यांनी ते ध्यानात ठेवलं, जणू उद्या त्यांनाच जायचं होतं.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. बोटीच्या दाराशी पांढऱ्या कपड्यातली माणसं स्वागताला उभी होती. वहिनींनी तिथेच थांबून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मग आत पाऊल टाकलं. हिंदुरावांनीही नवे बूट काढून काखेत मारले. मागची रांग खोळंबली. दारावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. युवराज लाजून लाल झाला.

"म्हणाला, आई, घाल की चपला. मी म्हटलं, पाण्यावरची बाई हाय ती, तिच्या अंगावर पायताण घालून कसं चढू? शेवटपर्यंत पाय उचलताना कसंतरीच वाटायचं मला."

माझ्यातली माणसं "बरं केलं" म्हणाली. तात्याबाचे तर डोळे भरून आले. मी मात्र माझ्या प्रत्येक फळीतून जळत होते. जेवण तिचं असू दे, तलाव तिचा, दिवे तिचे. हा एक मान माझा होता. तिने मागितलासुद्धा नव्हता, आणि वहिनींनी तो तिला दाराशीच देऊन टाकला.

सगळ्यात वाईट त्यापुढे झालं. हिंदुराव पाण्याला सोकावले. जीप सुटली. आता ते रोज सकाळी वहिनींबरोबर येतात, माझ्या मधल्या फळीवर बसतात आणि तिच्याबद्दल बोलतात. तिच्यात पेलाभर चहा ठेवला तरी लवंडायचा नाही. तिच्यात रात्री कळायचंही नाही की आपण चाललोय. मी आता म्हातारी झाले आहे, मागच्या उन्हाळ्यात तात्याबाने डांबराचा कंटाळा केला, आणि एका फटीतून पाणी आत येतं. ते पायाला लागलं की हिंदुराव डबा उचलतात, वाकतात आणि स्वतःच्या हाताने ते उपसून टाकतात. शेवटचा थेंबसुद्धा पंच्याने टिपून घेतात. एवढ्या मायेने मला आजवर कुणी कोरडं केलेलं नाही. आणि हे सगळं करताना तोंडाने म्हणत असतात, "तिच्यात असलं कायबी नव्हतं बरं का, तात्याबा."

वहिनी शेजारी बसून ऐकतात. त्यांना ते सगळं पाठ आहे, तरी त्यांना पुन्हा ऐकायचं असतं.

तर मित्रांनो, खुशाल जा बोटीने. मधली खोली घ्या, गोळी आधी घ्या, ज्याच्याबरोबर नुसतं बसायचं राहून गेलंय त्याला घेऊन जा. आणि परत आल्यावर तुमच्या घरची जी काही जुनी होडी, सायकल, बैलगाडी असेल, तिची उन्हाळ्यात डागडुजी करा. डांबराचा कंटाळा करू नका. आणखी एकच विनंती आहे. तिकडचं कौतुक करायचंच असेल, तर आधी काठावर उतरा आणि मग करा. आम्हाला ऐकू येतं.