डोनलरावांची रांग

खोटं बोलत असेन तर माझी ही कवळी आत्ताच्या आत्ता या चहात पडो! अक्षर न् अक्षर खरं आहे. डोनलरावांना निरोप द्यायची रांग फ्युनरल होमच्या दारातून निघाली, पार्किंग लॉट ओलांडला, ड्राय क्लीनरचं दुकान मागे टाकलं आणि थेट पेट्रोल पंपाला टेकली. गस्तीवरचा पोलीस गाडी थांबवून खाली उतरला.

"कोण गेलं?" त्याने मला विचारलं. "गव्हर्नर वगैरे?"

"कौन्सिलर," मी म्हटलं.

"इथले, वेस्ट विंडसरचे?"

"आयर्लंडचे."

त्याने टोपी काढली आणि गपचूप रांगेत उभा राहिला.

"आजी, प्लीज," आमची नात रुही म्हणते. "गॅस स्टेशनपर्यंत लाइन? नो वे."

"तू तेव्हा कॉलेजात होतीस. गप्प बस आणि खारी खा."

तर डोनलराव म्हणजे आमच्या शेजारच्या ऑर्लाचे वडील. आयर्लंडच्या पश्चिमेला कुठल्याशा ओल्या कोपऱ्यात तीसेक वर्षं कौन्सिलर होते. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा मेंबर असतो ना, तसे. म्हातारा-म्हातारी लेकीकडे आली, म्हातारी इथेच वारली, इथेच पुरली. मग डोनलराव परत गेलेच नाहीत. "तिला परक्या मातीत एकटी टाकून जाऊ कसा?" म्हणाले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते राजारामभाऊंची बायको वीणा गेली तेव्हा. राजारामभाऊ म्हणजे आमच्या गुरुवारच्या सीनियर ग्रुपमधले, मूळचे नागपूरचे. अमेरिकेत आपल्या माणसाचं फ्युनरल कसं असतं, माहीत आहे तुम्हाला. गुरुजी झूमवर, नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि जमलेली माणसं खुर्च्यांना चिकटलेली. कोणी कोणाशी बोलेना. तेवढ्यात दार उघडून एक ताडमाड गोरा म्हातारा आत आला. काळा कोट, हातात टोपी. राजारामभाऊंचा हात त्याने दोन्ही हातांत धरला, खालच्या आवाजात काहीतरी बोलला. मग त्यांच्या मुलाचा हात, मग सुनेचा, मग आमचा एकेकाचा, आणि शेवटी खुर्च्या लावणाऱ्या पोराचासुद्धा.

"हा कोण होय बाप्पा?" राजारामभाऊ माझ्या कानाशी. "वीणाच्या लायब्ररीतला का?"

मी म्हाताऱ्याला बाहेर गाठलं. "तुम्ही वीणाला ओळखत होतात?"

"नाही, मिसेस. आता ओळखतो." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "परवा यांच्या घरापुढे गाड्या दिसल्या, दारात चपलांचा ढीग दिसला. मयताच्या घरी काय आमंत्रणाने जायचं असतं?"

अगं बाई! हे तर माझ्या आजोळचं वाक्य. ते या सहा फुटी साहेबाच्या तोंडात कसं गेलं?

तेव्हापासून रोज सकाळी पार्कात आमची एक फेरी ठरलेली. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, त्यांचं त्यांच्या लेकीलाही धड न कळणारं. म्हणून तर आमचं जमलं.

आणि काय काय केलं होतं या माणसाने! एकदा एका दिवसात चार मयतं, दोन लग्नं आणि एक गाय. गाय दलदलीत रुतली होती. हे लग्नाच्या सुटात उतरले, गाय बाहेर काढली आणि तसेच चिखलाने माखलेले पुढच्या मयताला गेले. लोकांना वाटलं, कौन्सिलरने कबरीचा खड्डाही स्वतःच खणला! एकदा तर भलत्याच चर्चमध्ये शिरले. कोण गेलंय याचा पत्ता नाही. तरी सगळ्यांचे हात धरले, सँडविच खाल्लं, आणि पुढच्या निवडणुकीत त्या अख्ख्या घराने मतं दिली.

पण पुलाची गोष्ट ऐकली आणि मी बाकावर बसलेच. त्यांच्या गावामधून नदी. पाणी वाढलं की पलीकडच्या वाड्या तुटायच्या, आणि तिकडे म्हणे बारा महिने पावसाळा. मेलेलं माणूससुद्धा अलीकडे आणता यायचं नाही. अर्ज सगळे वरच्या ऑफिसात कुजलेले. डोनलरावांनी काय करावं? इंजिनिअरला जेवायला बोलावलं. नदीपलीकडच्या घरी! नदीत दोघं उतरले, इंजिनिअरने यांचा खांदा घट्ट धरलेला. मध्यावर पाणी छातीला लागलं आणि डोनलराव थांबले.

"थांबलात? का?" मी विचारलं.

"म्हटलं, साहेब, तुमच्या आईचे गुडघे आता कसे आहेत?"

"पाण्यात?"

"पाण्यातच. मग बहिणीची चौकशी केली. मग त्यांच्या कुत्र्याची. कुत्र्यापर्यंत आलो तेव्हा साहेब म्हणाले, पूल मंजूर."

मी हसून हसून दमले. म्हटलं, "मग तुम्ही दर वेळी पहिल्या नंबराने येत असाल."

"पहिला? कधीच नाही, मिसेस."

तिकडची रीत वेगळी आहे, बरं का. एकालाच मत द्यायचं असं नाही. उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे नंबर लिहायचे. आधी सगळ्यांचे एक नंबर मोजतात. जो तळाला तो बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्यांवर ज्याच्यापुढे दोन लिहिलाय त्याच्या पारड्यात त्या जातात; असं पुन्हा पुन्हा.

"मी दारात जाऊन म्हणायचो, पहिला नंबर तुमच्या भावाला ठेवा, पक्षाला ठेवा. दुसरा तेवढा मला द्या. दुसरा नंबर कोण नाकारतं? पहिल्या मोजणीला मी दर वेळी मागे, तळाच्या जेमतेम वर. लोक रेडिओ बंद करून गाई पिळायला जायचे. संध्याकाळी येऊन बघतात तर मी निवडून आलेला!"

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं. बायकोचाही मी दुसराच. पहिला बॉस्टनला पळाला."

 मग तळ्यातल्या बदकांकडे बघत म्हणाले,

"गावी मेलो असतो ना, मिसेस, तर रांग चर्चपासून डेअरीपर्यंत गेली असती. मला काय, मी पेटीत. पण आमच्यात घरचं माणूस पेटीशेजारी उभं राहतं आणि गाव त्याचा हात धरून पुढे सरकतं. इतके हात धरले जातात की दुःख करायला सवड मिळत नाही. मी जन्मभर लोकांच्या पोरांचे हात धरले. ऑर्ला एकुलती एक. ती इथे एकटीच उभी राहील."

"राहणार नाही," मी म्हटलं. म्हणायला काय जातं?

मार्चमध्ये डोनलराव झोपेतच गेले. नेमकं बर्फाचं वादळ आलं, विमानं कॅन्सल झाली, आयर्लंडहून कोणी निघू शकेना. ऑर्ला आमच्या किचनमध्ये येऊन बसली. हातातला चहा पीतही नव्हती.

"काकू, संध्याकाळी दोन तास हॉल बुक केलाय. डॅडी म्हणायचे, दोन तास तरी हवेतच." ती हसायला गेली. "कोणासाठी केलाय कोण जाणे."

आणि मग ती रांग! ऑर्ला पेटीशेजारी काळ्या कपड्यांत ताठ उभी. आत बाबांच्या अंगावर तोच गायवाला सूट. आणि माणसं येतायत, हात धरतायत, पुढे सरकतायत. शाली, कानटोप्या, काठ्या. दोन तास रांग तुटली नाही. फ्युनरल होमचा मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही. फार मोठा माणूस असणार."

"फार," मी म्हटलं.

थांबा. कवळी जरा हलली.

बरं बाई, सांगते. गाय खरी, नदी खरी, पोलीससुद्धा खरा. पेट्रोल पंप तेवढा मी घातला. इतकी माणसं आणणार कुठून? आमचा गुरुवारचा ग्रुप, टाउनशिपच्या एका व्हॅनमध्ये मावेल एवढाच. आमचे सगळ्यांचे हात मिळवून झाले तरी हॉलमधलं घड्याळ जागचं हललं नव्हतं. माणसं खुर्च्यांकडे वळली. ऑर्ला तिथेच उभी, हात अजून जरासा पुढे. त्या हाताचं काय करावं तिला कळेना.

मी सगळ्यांना अडवलं. "बसू नका. पहिला नंबर झाला. आता दुसरा द्या त्यांना."

"म्हणजे काय होय?" राजारामभाऊ.

"मागच्या दाराने बाहेर. पुढच्या दाराने आत."

 वीणाच्या वेळचा डोनलरावांचा तो हात राजारामभाऊंना आठवला असणार. खिशातून कानटोपी काढून त्यांनी डोक्याला घातली आणि बर्फात पहिले तेच उतरले. ग्रुपमधल्या सुहासिनीने शाल उलटी करून पांघरली. गुडघे धरत, एकमेकांचे दंड धरत आम्ही फिरत राहिलो. तो पोलीससुद्धा दोनदा आला.

पहिल्या फेरीत ऑर्ला मला "थँक यू, शैलाकाकू" म्हणाली होती. दुसऱ्या फेरीत नुसती बघत राहिली. तिसऱ्या फेरीला तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, अगदी बापासारखा, आणि कधीच न पाहिलेल्या बाईला विचारावं तसं विचारलं,

"एवढ्या लांबून आलात. कुठल्या गावच्या तुम्ही?"

"नदीपलीकडच्या," मी म्हटलं. "तुझ्या बाबांनी पूल केला, म्हणून येता आलं."